नाचणारीची साक्ष : इंदूर, मलबार हिल आणि १९२५ सालचा एक खून



मागच्या रविवारी नातवानं मोबाइलवर एक जुना अमेरिकन सिनेमा लावून दिला. 'लेडी ऑफ बर्लेस्क', साल १९४३, ब्लॅक अँड व्हाइट. बर्लेस्क म्हणजे काय ते तो मला समजावून सांगायला लागला, तर मीच त्याला म्हटलं, बाबा, तू आपली खडी गंमत आणि तमाशा डोळ्यापुढे आण. सोंगाड्याची टवाळी, नाचणाऱ्या बाया, समोर शिट्ट्या मारणारं पब्लिक, आणि अधूनमधून पोलिसांची धाड. तिकडे अंगावरचे कपडे उतरवत नाचायची रीत होती, हा मोठाच फरक. पण बाकीचा संसार आपल्या ओळखीचा.

सिनेमात एका जुन्या नाट्यगृहात, रंगपटात, एका नाचणारीचा खून होतो. गळा आवळून, आणि तोही नाचणारीच्याच पोशाखातल्या नाडीनं. पोलीस येतात, सगळ्या बायांना एका खोलीत बसवतात, उलटसुलट विचारतात. शेवटी खून उकलून काढते ती डिक्सी डेझी नावाची नाचणारीच. हे काम बार्बरा स्टॅनविकनं केलंय आणि झकास केलंय. खुनी कोण ते सांगत नाही, पाहून घ्या.

गंमत म्हणजे मूळ कादंबरी जिच्या नावावर आहे ती जिप्सी रोझ ली ही स्वतः त्याच धंद्यातली, त्या काळी अमेरिकेत घरोघरी ठाऊक असलेली नाचणारी. कादंबरी १९४१ ची. त्याच्या चारच वर्षं आधी, १९३७ मध्ये, न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी बर्लेस्कच्या थिएटरांचे परवाने बंद केले होते. म्हणजे धंद्यावर टाच आली आणि त्या बाईनं त्याच धंद्याचा रंगपट कादंबरीत मांडला. कोण कोणाची पावडर उसनी घेतं, कोण कोणावर जळतं, मालकाकडून पैसे सुटत नाहीत, सगळं आतलं. बाहेरच्या लेखकाला ते जमलं नसतं.

सिनेमा संपला आणि मनात विचार आला की आपल्याकडे असं काही घडलंय का? आणि घडलंच असेल तर नाचणारीचं कोणी ऐकलं का?

आपल्या भागात रंगपटात डोकावायचं वेड कोणाला नव्हतं? दिवाळी झाली की मंडई भरायच्या. रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. वारासिवनीकडे, लांजीकडे, कटंगीकडे, आम्ही पोरं घोंगडी घेऊन निघायचो. स्टेजमागे चादरी बांधून आडोसा केलेला असायचा, त्याच्या फटीतून पाहायचं. आत जी 'बाई' दिसायची ती विडी ओढत बसलेली असायची, कारण ती आपल्याच गावचा धान कापणारा गडी, मोसमापुरती मिशी उतरवलेला. मंडईत नाचणारा बहुतेक पुरुषच. त्यामुळे नाचणाऱ्या बाईचं खरं आयुष्य काय असतं, ते आम्हा पोरांना कळायचं काही कारण नव्हतं.

ते कळलं ते पुढे, आणि तेही पडद्यावर. १९७२ साली शांतारामबापूंचा 'पिंजरा' आला. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. बालाघाटहून नॅरोगेजच्या गाडीनं गोंदियाला गेलो, चार जण, परतीची गाडी चुकली, रात्र स्टेशनवर काढली. डॉ. लागू, संध्या, निळू फुले. त्याही गोष्टीत खून आहे आणि तोही तमाशाच्या फडाभोवती. एक आदर्श मास्तर नाचणारीच्या नादी लागतो, दुसऱ्याचं प्रेत मास्तरचं समजलं जातं, आणि शेवटी मास्तरलाच मास्तरच्या खुनाबद्दल फाशी होते. काय डोकं लावलंय! पण बघा, तिथे खरं काय ते नाचणारीला ठाऊक असतं आणि तिचं ठाऊक असणं कामी येत नाही. अमेरिकन बाई खून उकलते, आपली मराठी बाई मास्तरला बिघडवण्यापुरती.

हे मला तेव्हाही खटकलं होतं. कारण विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आम्ही ऐकलेली होती. दिवस भरलेले असताना नाचायला उभ्या राहिल्या, कळा आल्या तशा मागे गेल्या, मूल झालं, नाळ दगडानं ठेचून तोडली आणि पुन्हा पब्लिकपुढे आल्या. रंगपटातलं खरं रहस्य हे. त्यापुढे कसली नाडी आणि कसला खून.

आता मूळ विषयाकडे येतो. आमचे वडील १९२५ मध्ये तेरा वर्षांचे होते. मालगुजाराच्या वाड्यावर नागपूरची वर्तमानपत्रं यायची, एक जण मोठ्यानं वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. वडील म्हणत, त्या साली दोन महिने वाड्यावर एकच विषय, बावला खून खटला. तेव्हा आपण मध्य प्रांतात, नागपूर आपली राजधानी, आणि इंदूर म्हणजे परकं राज्य, होळकरांची रियासत. १९५६ नंतर इंदूर आणि बालाघाट एकाच राज्यात आले, म्हणून मी हे प्रकरण आपलंही मानतो. शिवाय त्यातली नावं पाहा, फणसे, दिघे, पोंडे. सगळी आपलीच माणसं.

मुमताज बेगम ही गाणाऱ्या-नाचणाऱ्या घराण्यातली मुलगी. आई त्याच पेशातली. इंदूरच्या दरबारात ती आली आणि महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या पदरी राहिली. किती वर्षं? दहा. आणि खुनाच्या वेळी तिचं वय बाविशीच्या आसपास. आम्ही बँकेत आयुष्यभर बेरजा-वजाबाक्या केल्या, ही एक वजाबाकी तुम्हीच करा. मला ती केल्यावर पुढचं काही वेळ वाचवेना.

याच होळकरांच्या घराण्याची एक आख्यायिका शाळेत सांगत असत. अनंत फंदी तमाशा करायचे, अहिल्याबाईंनी त्यांना समजावलं आणि ते कीर्तनाकडे वळले. खरंखोटं देव जाणे, पण त्या कथेत नाच-तमाशातून बाहेर पडणं किती सोपं वाटतं! एका साध्वीचा शब्द आणि माणूस मोकळा. मुमताजला असं मोकळं होता आलं नाही. पुढे कोर्टात तिनं सांगितलं की तिच्यावर सतत पहारा असे, कोणाला भेटायचं, कुठे जायचं, सगळं दुसऱ्यांच्या मर्जीनं. तिला मुलगी झाली होती, आणि त्या तान्ह्या पोरीला दाईंनी मारून टाकलं असा तिचा आरोप होता. त्यानंतर तिला इंदूरला राहायचंच नव्हतं. मसुरीला नेत असताना दिल्लीच्या स्टेशनावर ती गाडीतून उतरली आणि पुढे जायला साफ नकार दिला. तिथून अमृतसर, मग मुंबई.

मुंबईत तिला आसरा दिला अब्दुल कादर बावला या तरुण, श्रीमंत व्यापाऱ्यानं. वय पंचवीस. पण इंदूरची माणसं तिच्या मागावर होतीच.

१२ जानेवारी १९२५, सोमवार, संध्याकाळ. बावला, मुमताज आणि बावलाचा मॅनेजर मॅथ्यू मोटारीनं मलबार हिलवर फिरायला गेले होते. सोबत ड्रायव्हर आणि क्लीनर. हँगिंग गार्डनजवळ गिब्ज रोडवर मागून दुसरी मोटार आली, आडवी घातली गेली. माणसं उतरली. बाईला आमच्या ताब्यात द्या, एवढीच मागणी. बावलानं नकार दिला, गोळ्या सुटल्या. मुमताजला ओढून बाहेर काढलं, तिच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार केले. नाचणारीचा चेहरा म्हणजे तिचं भांडवल, ते वार कुठे करायचे हे करणाऱ्यांना बरोबर ठाऊक होतं.

आणि इथे नशीब आडवं आलं. गोल्फ खेळून परतणारे चार इंग्रज लष्करी अधिकारी नेमके त्याच रस्त्यानं मोटारीतून येत होते. आरडाओरडा ऐकून ते धावले. लेफ्टनंट सीगर्ट यांनी गोल्फच्या काठीनं एकाला हाणलं, स्वतः गोळ्या खाल्ल्या, पण मुमताजला सोडवलं. शफी अहमद नावाचा एक हल्लेखोर जागेवरच पकडला गेला. तो निघाला इंदूरच्या स्वारांच्या पोलिसांतला. बावला पहाटेपर्यंत तग धरून गेला. मुमताज वाचली.

ते चार अधिकारी त्या मिनिटाला तिथे नसते तर? बावला मेलाच असता, मुमताज इंदूरला पोचली असती, आणि सकाळी एक बेवारस मोटार सापडली असती. रहस्यकथेसाठी उत्तम सुरुवात, पण उकलणारं कोणी उरलं नसतं.

मुंबईचे पोलीस कमिशनर होते पॅट्रिक केली. तपास इंदूरकडे वळला. एकूण नऊ जणांवर खटला उभा राहिला, माणसं इंदूरशी बांधलेली, काही तर सरळ दरबारच्या नोकरीतली. सर्वांत मोठं नाव आनंदराव गंगाराम फणसे यांचं, ते इंदूरच्या फौजेतले वरिष्ठ अधिकारी. एप्रिलअखेर मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे ज्यूरीसह सुनावणी सुरू झाली. फणसे यांचं वकीलपत्र घेतलं होतं बॅरिस्टर जिना यांनी. होय, तेच जिना. वडील हे नाव सांगताना नेहमी थांबायचे, ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटायला वेळ मिळावा म्हणून.

कोर्टाबाहेर ही गर्दी. लोकांना पाहायची होती ती मुमताज. बावला मेला त्याचं फारसं कोणाला काही नव्हतं, आरोपी कोण हेही नंतर. 'ती' कशी दिसते, चेहऱ्यावरचा व्रण केवढा, हेच. म्हणजे ती दरबारात उभी होती तेव्हाही तमाशा आणि न्यायासाठी उभी राहिली तेव्हाही तमाशाच. फक्त तिकीट नव्हतं.

पण ती बोलली. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं वाटतं. १९ तोफांच्या सलामीचा राजा, त्याच्या पदरी दहा वर्षं काढलेली बाई, शिक्षण नाही, नातलगांचा भरवसा नाही, तिला आसरा देणारा माणूस डोळ्यांदेखत मारलेला. समोर मुंबईतले नामांकित वकील उलटतपासणीला. तिनं इंदूरचा पहारा सांगितला, मुलीचं सांगितलं, दिल्लीचं स्टेशन सांगितलं, मलबार हिल सांगितली. आणि ज्यूरीनं तिच्यावर विश्वास ठेवला. १९२५ साली, 'नाचणारी' म्हटल्यावर अर्धी साक्ष तिथेच खोटी ठरायची, त्या काळात.

२३ मे १९२५ ला निकाल लागला. शफी अहमद, पुष्पशील पोंडे आणि शामराव दिघे यांना फाशीची शिक्षा, फणसे आणि आणखी काहींना जन्मठेप काळ्या पाण्याची. दोघं सुटले. फणसे यांचा गळा जिनांनी वाचवला असं म्हणायला हरकत नाही.

आता खरं रहस्य. सिनेमात शेवटच्या पाच मिनिटांत खुनी पकडला जातो, दिवे लागतात, लोक घरी जातात. इथे गोळी कोणी झाडली ते पहिल्याच रात्री कळायला लागलं होतं. कळलं नाही ते हे की झाडायला कोणी सांगितली. न्यायमूर्ती क्रम्प यांनी निकालाच्या वेळी तसं बोलूनही दाखवलं. या माणसांच्या मागे कोणीतरी आहे पण आम्हाला नेमकं बोट दाखवता येत नाही, मात्र इंदूरच्या महाराजांकडे दहा वर्षं राहिलेल्या बाईला पळवायचा प्रयत्न होतो तेव्हा नजर इंदूरकडे वळली तर त्यात गैर काही नाही, अशा अर्थाचं ते बोलले. शब्द मोजून टाकलेले. महाराजांवर खटला नव्हता, त्यांचं नाव आरोपींत नव्हतं, त्यांच्याविरुद्ध कोर्टात काही सिद्धही झालं नाही.

बँकेतल्या माणसाला हे चटकन कळतं. काउंटरवर पैसे देणारा कॅशियर वेगळा आणि व्हाउचर पास करणारा ऑफिसर वेगळा. ऑडिटला सर्वांत आधी सही शोधली जाते. सही असेल तर माणूस सापडतो, तोंडी सांगून काम झालं असेल तर कॅशियर मेला. मी छत्तीस वर्षांत असे दोन-तीन कॅशियर पाहिले. बावला खटल्यात पैसे मोजणारे सगळे सापडले. व्हाउचरवर सही नव्हती. इंदूरहून एवढी माणसं, मोटार, खर्च, पाळत, हे काही दोन-चार तरुणांनी आपल्या पगारातून केलेलं नसणार, एवढं कोणालाही समजतं. पण समजणं आणि सिद्ध होणं यात कोर्ट फरक करतं आणि केलाच पाहिजे.

इंग्रज सरकारनं मात्र विषय सोडला नाही. विलायतेत पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. तुकोजीरावांपुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा. आयोग म्हणजे काय असतो याचं उदाहरण मराठी राजांपुढे होतं. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट फेअरला विष घातल्याच्या आरोपावरून असाच आयोग बसला होता. सहा जणांचा आयोग, तीन इंग्रज, तीन हिंदी. हिंदी सभासदांनी दोष सिद्ध झाला असं मानलं नाही, इंग्रजांनी मानलं. निकाल तीन विरुद्ध तीन असा अडकला, तरी मल्हाररावांना गैरकारभाराच्या नावाखाली काढलंच आणि मद्रासला नेऊन ठेवलं. कवळाण्याहून सयाजीराव आले ते त्यानंतर. तेव्हा आयोगापुढे जाण्यात काय हशील आहे हे तुकोजीरावांना कोणी सांगायची गरज नव्हती.

फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. मुलगा यशवंतराव सतरा वर्षांचा, तो राजा झाला. तुकोजीरावांचे वडील शिवाजीराव यांनीही १९०३ मध्ये असंच पायउतार होऊन गादी मुलाकडे दिली होती. बापानं सोडली, मुलानंही सोडली.

इथे एक बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. आपल्या लोकांत महाराजांबद्दल सहानुभूतीही पुष्कळ होती. वडिलांच्या तोंडून ऐकलंय, वाड्यावर दोन तट पडले होते. एक म्हणायचा, इंग्रजाला होळकरांना नमवायचंच होतं, निमित्त मिळालं. हे अगदीच टाकाऊ नाही. संस्थानांच्या जनान्यात काय चालतं हे इंग्रज रेसिडेंटांना वर्षानुवर्षं ठाऊक असायचं, तेव्हा तो 'अंतर्गत मामला' असायचा. मुमताज दहा वर्षं इंदूरला होती तेव्हा कोणा साहेबाला तिची दया आली नाही. गोळी मलबार हिलवर झाडली गेली, साहेबांच्या बंगल्यांच्या आवारात, एका लष्करी अधिकाऱ्याला लागली, तेव्हा न्याय जागा झाला. पण म्हणून मुमताजचं म्हणणं खोटं ठरत नाही. इंग्रजांचा हेतू काळा असेल, तिची जखम खरी होती. वाड्यावरच्या दोन्ही तटांत तिच्या बाजूनं बोलणारं कोणी होतं का, असं मी एकदा वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "तिचं कोण बोलणार? ती तर गाणारी." यात ते तिला कमी लेखत नव्हते, होतं तसं सांगत होते.

आमची आजी मात्र, वडील सांगत, दाराआडून एकदा म्हणाली होती, "पोरगी गेली तिची, ते कोणी वाचून दाखवलं का?" वाचणारा तेवढा मजकूर गाळत होता.

सिनेमावाल्यांनीही वेळ घालवला नाही. त्याच साली, १९२५ मध्येच, होमी मास्टर यांनी कोहिनूर कंपनीसाठी 'कुलीन कांता' नावाचा मूकपट काढला, याच प्रकरणावर बेतलेला. मूकपट! जिनं कोर्टात एवढं बोलून दाखवलं तिची गोष्ट पडद्यावर आली आणि तीही तोंड मिटून.

तुकोजीरावांचं नाव पुढे पुन्हा गाजलं. मार्च १९२८ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या सिॲटलच्या नॅन्सी मिलर या मुलीशी लग्न केलं, आपल्याच राज्यातल्या नर्मदाकाठच्या बडवाह्याला. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू करून घेतलं, धनगर समाजात रीतसर दत्तक दिलं गेलं, नाव ठेवलं शर्मिष्ठाबाई. त्यावरही मराठी मुलखात केवढं रण माजलं. जात कोणती, विधी बरोबर की चूक, दत्तक चालतं की नाही. तीन वर्षांपूर्वीचा खून तेवढ्यात लोकांच्या बोलण्यातून मागे पडला होता. शर्मिष्ठाबाईंनी संसार नेटका केला म्हणतात, लोकांनी त्यांना आपलं मानलं, त्याबद्दल आनंदच आहे. पण एक विचार येतो. परदेशी मुलीला घरात घ्यायला शंकराचार्य आले, विधी झाले, नवं नाव मिळालं, राणीचा मान मिळाला. दहा वर्षं ज्या मुलीनं त्याच घरात काढली तिच्यासाठी कुठलाच विधी नव्हता. बायकोही नाही, नोकरही नाही. इंग्रजांच्या कागदात तिच्यासाठी एक शब्द होता, आपल्या बोलीत दुसरा, दोन्ही मी इथे लिहीत नाही.

तुकोजीराव पुष्कळ जगले. १९७८ मध्ये पॅरिसला गेले. मला तेव्हा बँकेत लागून पाच वर्षं झाली होती. म्हणजे हे काही पेशवाईतलं प्रकरण नाही. ज्या राजानं या खुनापायी गादी सोडली तो आणि मी काही वर्षं एकाच वेळी या जगात होतो.

पुढे ट्रेनिंगसाठी मुंबईला पाठवलं होतं तेव्हा एका संध्याकाळी मुद्दाम मलबार हिलवर गेलो. गिब्ज रोड आता बाळासाहेब खेरांच्या नावानं आहे. हँगिंग गार्डनला मुलं घसरगुंडीवर होती, म्हातारे बाकांवर, कुल्फीवाला, फुगेवाला. उतारावर वळण आहे तिथे थोडा वेळ उभा राहिलो. मोटारी सारख्या जात होत्या. सोबतचा सहकारी तमिळ होता, त्यानं विचारलं, इथे काय आहे? मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली, मोडक्या इंग्रजीत. त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, मग त्या बाईला काय मिळालं? इनाम, नुकसानभरपाई, काही?

मी म्हटलं, ती इंदूरला परत गेली नाही. हेच.

इंदूरला आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लेकी दिल्या आहेत, काहींची मुलं तिथे नोकरीला आहेत. राजवाड्याच्या बाजूला, सराफ्यात, जुन्या घरांतून कोणी नव्वदीच्या पुढचं माणूस असेल तर जरूर विचारा, मुमताजचं नाव त्यांच्या घरी कसं घेतलं जायचं. महाराजांबद्दल नका विचारू, ते सगळे सांगतील. तिच्याबद्दल विचारा, आणि जे कळेल ते इथे लिहा.